शेताखाली झोपलेला समुद्र

घरातलं पाण्याचं फिल्टर बिघडलं की ते दुरुस्त करायला काका येतात, आठवतंय? ते खिशातून पेनासारखं एक यंत्र काढतात. पेल्यातल्या पाण्यात त्याचं टोक बुडवतात आणि छोट्याशा पडद्यावर आकडा उमटतो. मग काका म्हणतात, "ताई, नळाचं दोनशे आहे. बोअरचं मात्र आठशे दाखवतंय बघा!"

दोनशे काय? आठशे काय?

एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळले आहेत, त्याचा हा अंदाज. गंमत म्हणजे ते पेन क्षार चाखत नाही की मोजतही नाही. ते पाण्यातून थोडीशी वीज सोडून बघतं. अगदी शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही. पण पाण्यात क्षार विरघळले की त्यांचे धन आणि ऋण भाराचे कण सुटे होतात. हे कण वीज वाहून नेतात. वीज जितकी सहज जाईल तितके क्षार जास्त, असा त्याचा हिशेब.

आता ते पेन खिशात टाका. आपण एका नदीच्या काठाने चालत जाणार आहोत आणि वाटेत जागोजागी ते पाण्यात बुडवून बघणार आहोत. नदी आहे अमेरिकेतली, नाव कोलोरॅडो. लांबी सुमारे २३०० किलोमीटर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या दीडपट आणि वर थोडी. सात राज्यांतली आणि मेक्सिको देशातली मिळून सुमारे ४ कोटी माणसं हिचं पाणी वापरतात.

रॉकी नावाच्या उंच पर्वतरांगेत बर्फ वितळतं आणि नदी सुरू होते. बुडवा पेन. आकडा येतो सुमारे ५०. एक बादलीभर पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं तर जेवढं होईल, तेवढंच. जिभेला काही कळणारही नाही. बर्फाचं पाणी, खडकांवरून उड्या मारत आलेलं. इतकं नितळ की तळातले गोटे मोजावेत.

थोडं खाली उतरलं की ग्लेनवुड स्प्रिंग्ज नावाचं गाव लागतं. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, आपल्या वज्रेश्वरीला आहेत तसे. लोक हौसेने त्यात डुंबतात. हे झरे जमिनीच्या पोटातले क्षार घेऊन वर येतात आणि नदीत ओततात. म्हणजे नदीत येणारे सगळेच क्षार माणसाची करणी नव्हे, हे आत्ताच लक्षात ठेवा. १९७० च्या सुमाराला अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा नदीतल्या क्षारांपैकी जवळपास निम्मे निसर्गाचे निघाले: झरे, खडक, ओढे. पण ३७ टक्के क्षार येत होते शेतांना दिलेल्या पाण्यामुळे. शेतकरी काही नदीत पोती रिकामी करत नव्हते. मग हे क्षार आले कुठून?

त्यासाठी पुढच्या मुक्कामी जाऊ. गावाचं नाव पॅलिसेड. इथले पीच फार प्रसिद्ध, एवढाले रसाळ! हा सगळा भाग म्हणजे ग्रँड व्हॅली, ग्रँड खोरं. नदीच्या या वरच्या भागाला १९२१ पर्यंत 'ग्रँड' असंच नाव होतं, त्यावरून. पाऊस इथे वर्षाकाठी जेमतेम २०-२२ सेंटीमीटर. आपल्या दुष्काळी माणदेशातही याच्या दुप्पट पडतो. तरीही बागा हिरव्यागार, कारण सुमारे १४० वर्षांपूर्वी लोकांनी इथे नदीतून कालवे काढायला सुरुवात केली. मातीचे कालवे, त्यांतून मातीचे पाट, पाटांतून सऱ्या. आपल्याकडे शेतकरी रात्री-बेरात्री दारं धरायला जातात, तसंच इथलेही पाणी धरायला जात.

आणि या शेतांच्या खाली आहे एक समुद्र.

खरंच! पण आजचा नाही. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर हिंडत होते तेव्हा, उत्तर अमेरिकेच्या मधोमध एक उथळ समुद्र पसरला होता. त्याच्या तळाशी गाळ बसत गेला, थरावर थर. समुद्र हटला, गाळ दबून त्याचा करडा, पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक झाला. त्याला मॅन्कॉस शेल म्हणतात. त्यात शंखांचे ठसे सापडतात, शार्कचे दात सापडतात. आणि समुद्राचे क्षारही त्या थरांमध्ये अडकून बसले आहेत. सगळे काही आपल्या डब्यातल्या मिठासारखे नाहीत. जिप्समसारखे कॅल्शियमचे क्षार आहेत, सोडियमचे आहेत, मॅग्नेशियमचे आहेत. इतका कमी पाऊस पडणाऱ्या मुलखात पाणी एवढं खोल मुरतच नव्हतं. समुद्र आपला निजला होता, कोट्यवधी वर्षं.

मग कालवे आले. मातीच्या कालव्यातून पाणी झिरपतं. सरीत सोडलेल्या पाण्यातलं झाडाला हवं तेवढं झाड घेतं, उरलेलं खाली जातं. शेतकऱ्याला वाटतं, मुरलं पाणी, बरं झालं. पण ते पाणी जिरून संपलेलं नसतं. ते त्या शेलपर्यंत पोचतं, त्याचे क्षार विरघळवून घेतं, भूमिगत वाटेने सरकत सरकत पुन्हा नदीला मिळतं. शेतात जाताना गोडं असलेलं पाणी परत येताना मचूळ होऊन येतं. एकट्या या खोऱ्यातून दरवर्षी पाच लाख टनांहून जास्त क्षार नदीत जात होते.

मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी कितीतरी वेळ त्या खोऱ्याचा नकाशा बघत बसले होते. वर पीचची बाग आणि खाली प्राचीन समुद्र, आणि दोघांमध्ये निरोप पोचवणारं पाणी.

चला, पुढे. पेनावरचा आकडा आता वाढत चालला आहे. पुढे नदीवर दोन प्रचंड जलाशय आहेत, लेक पॉवेल आणि लेक मीड. वाळवंटातल्या उन्हात लेक मीडवरून एका वर्षात जवळजवळ माणसाच्या उंचीएवढा पाण्याचा थर वाफ होऊन उडून जातो. वाफ उडते, क्षार मात्र उडत नाहीत. ते खालीच राहतात. घरी करून बघा. एका काळ्या ताटलीत चार चमचे बोअरचं किंवा नळाचं पाणी आणि दुसरीत चार चमचे पावसाचं पाणी घ्या आणि उन्हात ठेवा. संध्याकाळी पहिल्या ताटलीत पांढरी कडी दिसतील. दुसरी जवळपास स्वच्छ असेल. ती पांढरी कडी म्हणजे मागे राहिलेले क्षार.

झाडंही हेच करतात. मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफ होऊन जातं. क्षार बहुतेक सगळे मुळांनी बाहेरच ठेवलेले असतात. त्यामुळे शेत म्हणजे एक भलीमोठी ताटलीच. एक हिशेब करू. पाण्याच्या एका लिटरमध्ये ८०० मिलिग्रॅम क्षार आहेत. एक एकर शेताला वर्षभरात मिळून एक मीटर उंचीचं पाणी दिलं. किती लिटर झालं? सुमारे ४० लाख लिटर. गुणाकार करा. ३२०० किलो! म्हणजे ५० किलोची ६४ पोती क्षार त्या एका एकरात येऊन पडले, आणि कुणाला दिसलेसुद्धा नाहीत. दरवर्षी ६४ पोती.

मग शेतकऱ्याने काय करायचं? थोडं जास्तीचं पाणी देऊन हे क्षार मुळांच्या खाली धुऊन काढायला लागतात. नाहीतर पीक जगणार नाही. पण ते धुतलेलं पाणी जातं कुठे? बरोबर ओळखलंत, फिरून नदीत. इथेच सगळी गुंतागुंत आहे. एकाचं शेत स्वच्छ होतं आणि खालच्याचं पाणी खराब होतं.

खाली खाली जात आपण ॲरिझोना राज्याच्या टोकाशी, युमा शहराजवळ पोचलो. इथे हीला नदी कोलोरॅडोला मिळते आणि हीलेच्या काठी वेल्टन-मोहॉक नावाचा शेतीचा पट्टा आहे. इथले शेतकरी आधी विहिरींच्या पाण्यावर शेती करत. तेच पाणी उपसायचं, शेताला द्यायचं, ते मुरायचं, पुन्हा उपसायचं. दर फेरीला ते आणखी खारट. शेवटी विहिरी कामातून गेल्या. मग १९५२ साली कोलोरॅडोचं पाणी कालव्याने इथे आलं आणि शेतं पुन्हा हिरवी झाली. आनंदीआनंद! पण खोऱ्याला तळाशी वाट नव्हती. दिलेलं पाणी जमिनीत साठत गेलं, भूजलाची पातळी वर चढत चढत मुळांशी आली. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. आपल्याकडे त्यासाठी किती सुंदर शब्द आहे, वाफसा. जमिनीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असली की शेतकरी म्हणतो, वाफसा आलाय. इथे वाफसा गेला आणि जमीन पाणथळ झाली.

पाणी मुळांजवळ आलं की आणखी एक गोष्ट होते. समईच्या वातीतून तेल वर चढतं ना, तसं मातीच्या बारीक फटींतून खालचं खारट पाणी वर चढतं. वर आलं की ऊन त्याची वाफ करतं आणि क्षार मातीवरच राहतात. जमिनीवर पीठ सांडल्यासारखे पांढरे चट्टे दिसायला लागतात.

सांगली-कोल्हापूरकडच्या माझ्या छोट्या दोस्तांनी हे चट्टे नक्की पाहिले असतील. कृष्णा, वारणा, पंचगंगा यांच्या काठच्या काळ्या जमिनीत उसाला वर्षानुवर्षं पाटाने भरपूर पाणी दिलं गेलं आणि हजारो हेक्टर जमीन क्षारपड झाली. आमच्या मामाच्या शेतातही असा एक कोपरा होता. लहानपणी मी त्याला 'मिठाचा कोपरा' म्हणायचे. तिथे लव्हाळ्याखेरीज काही उगवत नसे. मी विचारलं, "मामा, इथे मीठ कुणी टाकलं?" मामा म्हणाला होता, "पाण्यानंच टाकलं गं बाई. आणि पाणी आम्हीच दिलं."

शिरोळ तालुक्यात आणि आसपास आता अशा जमिनीत खोल चर खणून भोकं असलेले पाइप पुरतात. जमिनीतलं जास्तीचं खारट पाणी त्या भोकांतून पाइपात शिरतं आणि बाहेर निघून जातं. त्यातून कितीतरी पडीक रानं पुन्हा पिकाखाली आली आहेत. ते बघताना खरोखर ऊर भरून येतो. फक्त त्या पाइपाच्या तोंडाशी उभे राहिलात तर एक प्रश्न मनात ठेवा: हे पाणी इथून पुढे कुठे जातं?

कारण वेल्टन-मोहॉकमध्ये नेमका हाच प्रश्न उभा राहिला. तिथे त्यांनी पाइप पुरले नाहीत, खोल विहिरी खणून पंपाने खालचं पाणी उपसलं. त्यात आपलं पेन बुडवलं असतं तर आकडा आला असता ६००० च्या आसपास. लिटरभर पाण्यात सपाट चमचाभर क्षार! १९६१ साली हे पाणी त्यांनी नदीत सोडायला सुरुवात केली. आणि तिथून थोडंसं खाली, सीमेपलीकडे, मेक्सिकोच्या मेहिकाली खोऱ्यातले शेतकरी याच नदीच्या पाण्यावर कापूस पिकवत होते.

त्यांच्या बंधाऱ्याशी येणाऱ्या पाण्याचा आकडा आधी ८०० च्या आसपास असायचा. तो जवळपास दुप्पट झाला. काही दिवस तर २५०० च्याही वर गेला. कापूस हे तसं काटक पीक, बरीच खारट जमीन सोसणारं. पण त्याच्याही सोसण्याला मर्यादा असते. पिकं करपायला लागली.

पाणी भरपूर असताना पीक का करपावं? उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. काकडीची कोशिंबीर करताना आई मीठ अगदी शेवटी का घालते? आधी घातलं तर काकडीला पाणी सुटतं म्हणून. बाहेर मीठ जास्त असलं की पेशींतलं पाणी तिकडे ओढलं जातं. आता मूळ म्हणजे काकडी समजा आणि खारट माती म्हणजे मीठ. मुळाने पाणी आत ओढायचं, तर माती म्हणते, देत नाही. झाड पाण्यात उभं राहून तहानेने वाळतं. घेवडा, गाजर, कांदा, स्ट्रॉबेरी ही पिकं तर थोड्याशा क्षारांनीही हिरमुसतात. बार्ली, बीट, खजूर मात्र बरंच सोसतात.

मेक्सिकोने जोरदार तक्रार केली. दोन देशांत १९४४ सालीच करार झालेला होता: दरवर्षी अमेरिकेने मेक्सिकोला अमुक इतकं पाणी द्यायचं. सुमारे १८५ कोटी घनमीटर, अगदी मोजून. पण ते पाणी कसं असावं, गोडं की खारट, याबद्दल त्या करारात एक ओळही नव्हती! आपण दूधवाल्याशी रोज दोन लिटर ठरवलं आणि त्यात पाणी किती असावं ते ठरवायचं राहूनच गेलं, तसं झालं. भांडण तब्बल बारा वर्षं चाललं. १९७२ मध्ये मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष लुईस एचेवेरिया यांनी थेट अमेरिकेच्या संसदेसमोर उभं राहून हा विषय मांडला. एका नदीतल्या मिठासाठी एक राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या देशाच्या संसदेत बोलतो, विचार करा. अखेर ३० ऑगस्ट १९७३ रोजी समझोता झाला. सीमेच्या थोडं वर इम्पिरियल नावाचं धरण आहे. तिथे जो आकडा असेल, त्याहून मेक्सिकोला मिळणाऱ्या पाण्याचा वर्षाचा सरासरी आकडा फार तर ११५ ने जास्त असावा. तीस इकडे-तिकडे चालतील. या नदीच्या करारात आता चवही लिहिली गेली.

पण कागदावर चव लिहिल्याने पाणी गोडं होत नाही. आता खरं काम सुरू झालं, आणि मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे.

पाण्यातून मीठ काढायला प्रचंड ऊर्जा लागते. मग मीठ पाण्यात जाऊच दिलं नाही तर? समुद्र झोपलेला आहे ना, त्याला झोपू द्या. तळाच्या शेलपर्यंत जास्तीचं पाणी पोचलंच नाही तर क्षार विरघळणार कसे? १९७४ साली अमेरिकेने त्यासाठी कायदा केला आणि ग्रँड खोऱ्यासारख्या ठिकाणी कामं निघाली. कालव्यांना आतून अस्तर लावलं, कुठे काँक्रीटचं, कुठे झिरपू न देणाऱ्या जाड पत्र्यासारख्या प्लास्टिकचं. छोटे मातीचे पाट बुजवून त्यांच्या जागी बंद पाइप घातले. शेतात सऱ्यांच्या तोंडाशी छोट्या झडपांचा पाइप आडवा टाकला, म्हणजे ज्या सरीला हवं तिलाच हवं तेवढं पाणी. काहींनी तुषार सिंचन घेतलं, काहींनी ठिबक.

आणि एक युक्ती तर अशी, की ऐकून विश्वास बसू नये. लांबलचक सरीत पाणी सोडलं की सरीच्या तोंडाशी ते तासन् तास मुरत राहतं आणि शेवटच्या झाडापर्यंत पोचेस्तोवर पहिल्या झाडाखाली भरमसाट पाणी खाली गेलेलं असतं. मग यांनी काय केलं, पाणी थांबून थांबून सोडलं. थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद. पहिल्या हप्त्याने मातीची ढेकळं फुटून बारीक कण खाली बसतात आणि मातीच्या फटी थोड्या बुजतात. मग दुसऱ्या हप्त्याचं पाणी त्या ओल्या, गुळगुळीत सरीवरून सरसर पुढे पळतं. कमी पाण्यात शेवटचं झाड भिजतं आणि पहिल्याच्या खाली समुद्राला जाग येत नाही. झडप आपोआप उघडझाप करते. बाकी सगळं मातीच करते!

या कामांचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकला नाही, हे फार महत्त्वाचं. वरच्या शेतकऱ्याला मचूळ पाण्याचा त्रास नव्हताच, त्रास होत होता शेकडो किलोमीटर खाली राहणाऱ्यांना. तिथल्या पिकांना, घरातल्या गंजणाऱ्या नळांना. म्हणून पैसे सरकारने घातले आणि नदीकाठच्या राज्यांनीही. खालच्याने वरच्याच्या शेतात पाइप घालून द्यायचा, कारण त्यात दोघांचंही भलं आहे. मला वाटतं, नदी समजणं म्हणजे हेच.

आज या सगळ्या कामांमुळे दरवर्षी १० लाख टनांहून जास्त क्षार नदीत जायचे थांबतात. एका ट्रकमध्ये १० टन धरले तर एक लाख ट्रक. इम्पिरियल धरणाशी आकडा ८७९ च्या वर जाऊ द्यायचा नाही, असं राज्यांनी ठरवलं होतं. तेव्हापासून वर्षाची सरासरी त्या आकड्याच्या खालीच राहिली आहे.

सगळंच सरळ झालं असं नाही. मातीच्या पाटांच्या कडेने झिरपत्या पाण्यावर झाडं आणि झुडपं वाढली होती, पाखरं राहत होती. पाट बंद पाइपात गेले आणि त्यांचं पाणी तुटलं. म्हणून अशा कामांबरोबर दुसरीकडे पाखरांसाठी जागा राखायची, असा नियम करावा लागला.

आणि एका ठिकाणी तर जमीनच हलली. कोलोरॅडोला मिळणारी डोलोरेस नावाची नदी आहे. ती पॅराडॉक्स नावाच्या खोऱ्याला लांबीने न जाता आडवी ओलांडून जाते. खोऱ्यांमधून नद्या लांबीने वाहतात, ही आडवी कशी, असं कोडं पडलं म्हणून पॅराडॉक्स, म्हणजे विरोधाभास. त्या खोऱ्याखाली समुद्राच्या पाण्याच्या कितीतरी पट खारट पाणी आहे आणि ते नदीत पाझरत होतं. हे शेतीचं मीठ नव्हतं, निसर्गाचंच होतं. तरी ते नदीत जाण्याआधीच विहिरींनी उपसून १९९६ पासून एका चार किलोमीटरहून खोल विहिरीतून दाब देऊन पाताळात ढकलायला सुरुवात झाली. पण खडकाच्या फटींत पाणी दाबून भरलं की खडक सरकतात. हजारो लहान लहान भूकंप झाले, बहुतेक कुणाला जाणवलेही नाहीत. मात्र मार्च २०१९ मध्ये ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि काम थांबवावं लागलं. पुढे २०२२ मध्ये कमी वेगाने, जपून पुन्हा चाचणी घेतली. मीठ लपवायचं म्हटलं तरी सोपं नाही बघा.

आता वेल्टन-मोहॉककडे परत येऊ. तिथलं ते ६००० आकड्याचं पाणी, त्याचं काय केलं?

ठरलं असं की युमाला एक मोठा कारखाना बांधायचा, खारट पाणी बारीक पडद्यातून दाबून गाळायचं. तुमच्या घरातल्या फिल्टरमध्ये जे चालतं तेच, फक्त राक्षसी आकाराचं. कारखाना बांधायला वेळ लागणार होता, म्हणून तोवर ते पाणी नदीत न सोडता एका वेगळ्या काँक्रीटच्या कालव्याने सीमेपार नेऊन समुद्राजवळच्या ओसाड, खारट सपाटीवर सोडून दिलं. १९७७ मध्ये तो कालवा सुरू झाला. तात्पुरती सोय.

कारखाना पुरा व्हायला १९९२ साल उजाडलं. काही महिने चालला आणि बंद पडला. पुराने कालव्याचं नुकसान केलं होतं, शिवाय चालवायचा खर्चही फार होता आणि त्या वर्षांत नदीला पाणीही भरपूर होतं. तात्पुरता कालवा वाहतच राहिला.

आणि त्या ओसाड सपाटीवर काय झालं माहितेय? पाणकणीस उगवलं. आपल्या तळ्यांच्या कडेला तपकिरी कणसांचं जे उंच गवत दिसतं, तेच. ते पसरत गेलं, मैलोन् मैल. त्यात मासे आले, बेडूक आले, पाखरं आली. तिथे आज १५ हजार हेक्टरच्या आसपास पाणथळ आहे. तिचं नाव सिएनेगा दे सांता क्लारा. मूळची कोलोरॅडो जिथे समुद्राला मिळायची तो सगळा हिरवा प्रदेश वरच्या धरणांमुळे वाळून गेला होता. त्याचा एक तुकडा शेताने टाकून दिलेल्या पाण्यावर पुन्हा जिवंत झाला. कापसाला मारणारं पाणी पाणकणसाला चाललं.

त्या पाणकणसात एक पक्षी राहतो, युमा रेल. आपल्या पाणकोंबडीच्या कुळातला, लांब चोचीचा, तपकिरी, फार लाजाळू. तो दिसत नाही, ऐकू येतो, टाळ्या वाजवल्यासारखा केक-केक-केक. जगात फार थोडे उरलेत आणि त्यांतले पुष्कळसे याच पाणथळीत आहेत.

२०१० मध्ये दुष्काळ पडला होता. पाण्याची फार ओढ होती, म्हणून युमाचा कारखाना वर्षभर चालवून बघायचं ठरलं. कारखाना चालला की कालव्यातलं पाणी कमी होणार, जे उरेल ते आणखी खारट होणार. मग रेलचं काय? दोन्ही देशांचे अधिकारी आणि पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्था एकत्र बसल्या. हिशेब झाला: एका एकरावर एक फूट उंच पाणी, असे ३० हजार भाग पाणथळीला लागतील. १० हजार अमेरिकेने द्यायचे, १० हजार मेक्सिकोने, १० हजार त्या संस्थांनी. आणि ते दिलंही गेलं. २०११ च्या मार्चमध्ये चाचणी संपली, कारखाना पुन्हा बंद झाला, आणि पाणकणसात आतल्या बाजूला कुठेतरी केक-केक-केक चालूच होतं.